दगड वजा करून

ओढ्यात हात बुडवून डल्सीने आधी
आमच्या डोक्यांवर पाणी चोळलं,
मग कड्याकडे तोंड करून हाक दिली:
पाहुणे आहेत. माझ्यासोबत आहेत.
त्रास देऊ नका.
कडा ऐकत असावा. दोन पाखरं उडाली, एवढंच.

ब्रॉनविनच्या पाठीवर यंत्र,
माझ्या पाठीवर त्याच्या बॅटऱ्या.
आर्नहेम लँडच्या पठारावर मे महिन्यात
सकाळी नऊलाच दगड तापतो.
केस वाळवायचं आहे का ते? डल्सीने विचारलं.
दिसतं तसंच. मुठीत धरायचं, नाकाड पुढे,
भिंतीपासून तांदळाएवढं अंतर ठेवायचं
आणि साठ सेकंद श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

पहिला मासा. पाठीचा कणा, यकृत, पोटातली पिशवी,
सगळं बाहेरून दिसेल असं रंगवलेलं.
क्ष-किरण, ब्रॉनविन डेल्विनला समजावू लागली,
आतलं दाखवतात.
डेल्विनने माशाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं,
हसू दाबलं.

गेरू: लोह.
पिवडी: तेही लोहच, फक्त विस्तवाजवळ न गेलेलं.
पांढरा शाडूसारखा वाटला होता,
पण कॅल्शियम चढतच गेलं,
म्हणजे ही माती दुसऱ्या कुठल्या खाचेतली.
कुठली, ते डल्सीला माहीत आहे.
तिने हनुवटीने दिशा दाखवली
आणि विषय तिथेच ठेवला.

मग रंग नसलेल्या जागी नाकाड धरून
ब्रॉनविनने नुसता दगड मोजला.
दगडातही लोह असतं, ती म्हणाली,
म्हणून चित्रातून दगड वजा करावा लागतो.
डल्सी इतकी हसली की तिला ठसका लागला.
पाणी पिऊन झाल्यावर तिने विचारलं,
आणि वजा करून झाला
की ठेवता कुठे?

दुपारी ती आम्हाला वळणापलीकडे घेऊन गेली.
मधल्या एका कपारीसमोर आम्ही मान खाली घालून चाललो.
ती कपार आमच्या नकाशात नाही. नसणारही.

वळणापलीकडे एक लहान मासा,
आणि त्याच्या पोटात निळा.
इथल्या मातीत निळा नाही. कुठेच नाही.
क्ष-किरणांना तो धरता येईना, हलक्या मूलद्रव्यांचा असणार,
म्हणून दुसरी पेटी उघडली, लेझरवाली.
आम्ही काळं कापड धरून उभे.
आलेखात एकच सुळका वर गेला:
पाचशे अठ्ठेचाळीस.
ब्रॉनविन सांगणार तेवढ्यात
डल्सी म्हणाली, नीळ आहे ती.
कपड्यांची.

मिशनमध्ये माझ्या आईची बहीण धुणं धुवायची.
चादरी, पडदे, पाद्रीबाबांचे झगे.
निळीच्या पुरचुंड्या मोजून मिळायच्या.
एका वर्षी चादरी पिवळट पडल्या,
सिस्टर ओरडली, पाणी खराब आहे म्हणाली मावशी.
पाणी चांगलं होतं.
मग पावसाळ्यानंतर चालत इथे.
चार दिवस. पुरचुंडी झग्याच्या काठात शिवलेली.
मी तिच्या मागे. इतकी होते.
तिने हात गुडघ्याच्या वर धरून दाखवला
आणि बराच वेळ तसाच ठेवला,
जणू तिथे खरंच कुणी उभं होतं.

पेटीचा पंखा आपोआप बंद झाला.

संध्याकाळी तक्ता भरताना
मी ‘चित्रकार’ या रकान्यात सवयीने ‘अज्ञात’ लिहिलं.
डल्सीला वाचता येतं. चष्मा पुसत म्हणाली,
अज्ञात नाही.
ती गेली आहे, तिचं नाव घ्यायचं नसतं.
मी घेत नाही, एवढंच.
खोड ते.

मी खोडलं. रबराने नाही, रेघ मारून,
मग तीही बरी दिसेना म्हणून नवा तक्ता घेतला.
आता रकाना कोरा आहे.
कार्यालयात कुणीतरी विचारेल, राहिला का हा?
उत्तर काय द्यायचं ते अजून ठरलेलं नाही.

उतरताना डेल्विनने एक बॅटरी माझ्याकडून घेतली,
हातावर तोलून पाहिली.
संपली ना ही? मग हलकी का नाही झाली?